आजी भारतीय गुलाम, नातू केपचा गव्हर्नर : कॉन्स्टान्शियाची वाइन जगात पोहोचली ती याच्यामुळे

केपटाऊनला जाणाऱ्यांचा वीकेंड प्लॅन जवळपास ठरलेला असतो. टेबल माउंटन बघायचा, समुद्रावर फिरायचं आणि मग शहराला लागूनच असलेल्या कॉन्स्टान्शिया खोऱ्यात वाइन टेस्टिंग. वर डोंगर, उतारावर द्राक्षबागा, खाली फॉल्स बेचा समुद्र. तिथल्या ग्रूट कॉन्स्टान्शियाच्या पांढऱ्याशुभ्र वाड्यासमोर फोटो तर हवाच.

पण हा मळा ज्याने वसवला, त्या सायमन व्हॅन डर स्टेलचं भारताशी रक्ताचं नातं होतं.

सायमनचा जन्म ऑक्टोबर १६३९ चा. त्याच सुमारास त्याचे वडील आद्रियान डच ईस्ट इंडिया कंपनीचे प्रमुख म्हणून मॉरिशसला गेले होते. आई मारिया लीव्हन्स ही एका डच कप्तानाची मुलगी. आणि मारियाची आई? ती मोनिका, गुलामीतून मुक्त झालेली भारतीय बाई.

त्या काळी गुलामांना आडनाव नसायचं. जिथून आणलं, त्या जागेचं नाव चिकटवलं जायचं. मोनिकाच्या नावापुढे ‘दा कोस्टा’ लागलं, म्हणजे किनाऱ्यावरची. हा किनारा गोव्याचा असल्याचं सांगितलं जातं. तिच्याबद्दल इतिहासात यापलीकडे जवळपास काहीच उरलेलं नाही.

सायमन लहान असतानाच वडील श्रीलंकेत मारले गेले. तो बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात वाढला आणि विशीत हॉलंडला गेला. १६६३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या बड्या घराण्यातल्या योहाना सिक्सशी त्याचं लग्न झालं. तिथेच त्याने द्राक्षं लावली, वाइन बनवायला शिकला. १६७९ मध्ये कंपनीने त्याला केपचा प्रमुख नेमलं. बायको मात्र मागेच राहिली, ती केपला कधी आलीच नाही.

केपमध्ये पोहोचल्यावर काही आठवड्यांतच त्याने एक नवं गाव वसवायला घेतलं आणि त्याला स्वतःचंच नाव दिलं, स्टेलेनबॉश. (आज वाइनप्रेमींना वेगळं सांगायची गरज नाही.)

केपमध्ये पहिली वाइन १६५९ मध्येच निघाली होती, पण ती भिकार होती. शेतकरी कच्ची द्राक्षंच तोडायचे. सायमनने दंड लावला. द्राक्षं पिकल्याचं तपासणीत ठरल्याशिवाय ती गाळायची नाहीत. नाशिकच्या बागायतदाराला हे पटकन कळेल, गोडी उतरण्याआधी घड तोडला की सगळंच गेलं.

१६८५ मध्ये कंपनीचा आयुक्त हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड केपला आला. हा तोच, ज्याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ तयार करवला. त्याने सायमनला साडेसातशे हेक्टरहून जास्त जमीन देऊन टाकली. तीच कॉन्स्टान्शिया. थंड समुद्री वारं, डोंगराचा उतार, चांगली माती. जागा निवडावी तर अशी.

वेली लावल्या कुणी? गुलामांनी. मादागास्कर, इंडोनेशिया आणि भारतातूनही माणसं जहाजात भरून केपला आणली जात होती. स्वतःची आजी गुलाम असलेल्या माणसाने त्यात वावगं काही पाहिलं, अशी कुठलीही खूण नाही.

१६९१ मध्ये तो गव्हर्नर झाला. १६९९ मध्ये खुर्ची मुलाकडे, विलेम आद्रियानकडे देऊन तो मळ्यावर राहायला गेला. मुलाने इतका मलिदा खाल्ला की शेतकरी उठले आणि १७०७ मध्ये कंपनीने त्याला काढून टाकलं. बापाला हे सगळं बघावं लागलं. जून १७१२ मध्ये सायमन गेला आणि मळ्याचे तुकडे झाले.

पुढे १७७८ मध्ये क्लूटे घराण्याने ग्रूट कॉन्स्टान्शिया विकत घेतलं. त्यांची गोड वाइन युरोपच्या राजवाड्यांत पोहोचली, सेंट हेलेनावर कैदेत असलेल्या नेपोलियनलाही ती जायची.

विसाव्या शतकात वर्णद्वेषी राजवटीने १९५० च्या कायद्याने प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद केली. सायमन मात्र गोऱ्यांच्या संस्थापकांच्या रांगेतच राहिला. त्यात मोनिकाचं नाव सोयीस्करपणे मागे पडलं.

वाड्यात आता संग्रहालय आहे. तिथे मळ्यावर राबलेल्या गुलामांचीही माहिती मांडली आहे. टेस्टिंगच्या आधी तिकडे एक चक्कर मारता येते.