फ्रिट्यॉफ नान्सेन

फ्रिट्यॉफ नान्सेन (१० ऑक्टोबर १८६१ – १३ मे १९३०) हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ, समुद्रवैज्ञानिक, ध्रुवीय संशोधक आणि मुत्सद्दी होते. ग्रीनलंडचा हिमाच्छादित अंतर्भाग ओलांडणाऱ्या पहिल्या मोहिमेचे व आर्क्टिक महासागरातील ‘फ्राम’ मोहिमेचे (१८९३–९६) ते नेते होते. निर्वासितांसाठी केलेल्या कार्याबद्दल त्यांना १९२२ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. साहसी प्रवासी म्हणून त्यांची कीर्ती इतकी मोठी आहे की, उत्तर ध्रुवीय समुद्रातील बर्फावर राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचे ते एक आरंभीचे अभ्यासक होते, ही बाब बहुधा मागे पडते.

प्रारंभिक जीवन

नान्सेन यांचा जन्म क्रिस्तियानिया (सध्याचे ऑस्लो) शहराजवळील स्टोर फ्रोएन येथे झाला. वडील बाल्दुर नान्सेन वकील होते. १८८० मध्ये विद्यापीठात प्रवेश घेतल्यावर त्यांनी प्राणिशास्त्र हा विषय निवडला. १८८२ मध्ये ‘वायकिंग’ या सीलच्या शिकारीच्या जहाजावरून ते ग्रीनलंडच्या समुद्रात गेले. तेथे जहाज काही आठवडे बर्फात अडकून पडले. बर्फात सापडलेले जहाज बर्फाबरोबरच वाहत जाते, याचा प्रत्यक्ष अनुभव त्यांना या सफरीत आला.

त्याच वर्षी बर्गेन येथील संग्रहालयात त्यांची नेमणूक झाली. संग्रहालयाचे प्रमुख दानियेलसेन हे कुष्ठरोगाचे विख्यात अभ्यासक होते. कुष्ठरोगाचा जीवाणू शोधणारे आर्मौएर हान्सेन हेही बर्गेनचेच. नान्सेन यांचे या काळातील संशोधन मात्र कनिष्ठ सागरी प्राण्यांच्या मज्जासंस्थेवर होते. १८८६ मध्ये पाविया येथे कामिल्लो गॉल्जी यांची पेशी रंगवण्याची पद्धत पाहून ती त्यांनी वापरली. मज्जासंस्था हे एकसंध जाळे नसून वेगवेगळ्या पेशींची बनलेली आहे, या मताच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांत त्यांची गणना होते. १८८८ मध्ये या विषयावरच त्यांना डॉक्टरेट मिळाली. सूक्ष्मदर्शकावर बसलेला हात पुढे बर्फावर उपयोगी पडला.

पदवी मिळताच ते पाच सहकाऱ्यांसह ग्रीनलंडला गेले. किनाऱ्यावर पोहोचण्यापूर्वीच तरंगत्या बर्फाने त्यांच्या होड्या दक्षिणेकडे दूरवर वाहून नेल्या. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावरून प्रत्यक्ष चाल ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि ३ ऑक्टोबर १८८८ रोजी नान्सेन पश्चिम किनाऱ्यावरील गोटहोप येथे पोहोचले. १८८९ मध्ये त्यांचा विवाह एवा सार्स या गायिकेशी झाला. एवा या प्राणिशास्त्रज्ञ मिकाएल सार्स यांच्या कन्या होत.

बर्फाच्या प्रवाहाचा सिद्धांत

‘जीनेट’ हे अमेरिकन जहाज १८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेस बर्फात चिरडून बुडाले होते. त्यावरील काही वस्तू १८८४ मध्ये थेट ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ बर्फावर सापडल्या. हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन यांनी असे मत मांडले की, या वस्तू ध्रुवीय समुद्रातून बर्फाबरोबर वाहत आल्या असाव्यात. नान्सेन यांनी या कल्पनेला आणखी पुरावे जोडले. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर सायबेरियातील लाकडाचे ओंडके सापडत, तसेच अलास्कातील एस्किमोंच्या धाटणीचे भालाफेकीचे साधनही तेथे मिळाले होते.

जीवशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत लक्षवेधक पुरावा मात्र चिखलाचा होता. ग्रीनलंडजवळच्या तरंगत्या बर्फावरून नान्सेन यांनी गोळा केलेला गाळ स्वीडिश शास्त्रज्ञ क्लेव्ह यांनी तपासला. त्यात डायाटम, म्हणजे मराठी विश्वकोशीय परिभाषेतील करंडक वनस्पती, आढळल्या. सिलिकाचे कवच असलेल्या या एकपेशीय शैवलांच्या जाती, ‘वेगा’ मोहिमेने बेरिंग सामुद्रधुनीजवळच्या बर्फावरून आणलेल्या जातींशी जुळल्या. पृथ्वीच्या दोन टोकांना असलेल्या या बर्फावर सारखेच जीव असतील, तर बर्फ एकीकडून दुसरीकडे गेला असला पाहिजे, असा नान्सेन यांचा तर्क होता. फेब्रुवारी १८९० मध्ये त्यांनी आपली योजना नॉर्वेच्या भौगोलिक संस्थेपुढे मांडली. एक मजबूत जहाज मुद्दाम बर्फात गोठू द्यायचे आणि प्रवाहाबरोबर ध्रुवाच्या दिशेने न्यायचे, असे तिचे स्वरूप होते.

नोव्हेंबर १८९२ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत बहुतेक अनुभवी दर्यावर्दींनी या योजनेविषयी शंका व्यक्त केल्या. शंका घेणाऱ्यांत ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथामुळे भारतीय वनस्पतिशास्त्रात परिचित असलेले जोसेफ हूकर हेही होते. विशेष म्हणजे अंटार्क्टिकाचा बर्फ तपकिरी रंगवणारे जीव म्हणजे डायाटम होत, हे हूकर यांनीच अर्धशतकापूर्वी नोंदवले होते. जहाज चिरडले जाईल ही भीती निराधार नव्हती, कारण ‘जीनेट’चे तेच झाले होते. गाळातील शैवले आणि काही लाकडी तुकडे यांच्या आधारे तेरा माणसांचे प्राण पणाला लागणार होते.

फ्राम मोहीम

कॉलिन आर्चर यांनी बांधलेल्या ‘फ्राम’ जहाजाच्या बाजू मुद्दाम गोलाकार ठेवल्या होत्या, जेणेकरून बर्फाच्या दाबाने ते चिरडले न जाता वर उचलले जावे. २४ जून १८९३ रोजी ते क्रिस्तियानियाहून निघाले आणि सप्टेंबरअखेर सायबेरियाच्या उत्तरेस बर्फात गोठले. पहिले काही आठवडे प्रवाह कधी पुढे तर कधी मागे नेत होता. नान्सेन निराश होत. ध्रुवीय समुद्र उथळ असावा ही त्यांची समजूतही खोटी ठरली. जवळची दोरी अपुरी पडल्यामुळे जहाजाचा पोलादी दोर उसवून नवी दोरी वळावी लागली, आणि तळ ३,००० मीटरांहून अधिक खोल असल्याचे दिसून आले.

१८९४ च्या उन्हाळ्यात बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचली. त्यांच्या तळाशी तपकिरी डाग दिसत. नान्सेन यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा ते मुख्यतः डायाटम असल्याचे आढळले. गडद रंगामुळे हे पुंजके सूर्याची उष्णता शोषून घेत, त्यामुळे खालचा बर्फ वितळे आणि ते आपल्याच उष्णतेने केलेल्या खळग्यात खाली उतरत. त्यांच्याबरोबर प्रजीव आणि कशाभिकायुक्त सूक्ष्मजीवही होते. क्वचित जीवाणूही दिसले. जीवाणूंची त्यांनी संवर्धने केली नव्हती, तेव्हा या नोंदीचे महत्त्व अस्तित्वाच्या पुराव्यापुरतेच आहे. तरीही ज्या प्रदेशाला निर्जीव मानले जाई, तेथे उत्पादक शैवले, त्यांच्या संगतीतील प्रजीव आणि विघटन करणारे जीवाणू, अशी जवळपास पूर्ण साखळी त्यांनी पाहिली होती. पुढे डायाटमांचे वर्णन हाकोन ग्रान यांनी १९०४ मध्ये, तर बर्फावरील प्रजीवांचे वर्णन स्वतः नान्सेन यांनी १९०६ मध्ये मोहिमेच्या शास्त्रीय अहवालात प्रसिद्ध केले.

‘फ्राम’ ध्रुवावरून जाणार नाही हे स्पष्ट झाल्यावर नान्सेन १४ मार्च १८९५ रोजी यालमार योहान्सेन यांच्यासह कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघाले. एप्रिलमध्ये त्यांनी सुमारे ८६°१४′ उत्तर अक्षांश गाठला; तोवर कोणीही इतके उत्तरेस गेले नव्हते. परतीच्या वाटेवर दोघांनी फ्रान्झ जोसेफ लँडवर दगडांच्या झोपडीत हिवाळा काढला. जून १८९६ मध्ये इंग्रज संशोधक फ्रेडरिक जॅक्सन यांची अकस्मात गाठ पडली आणि त्यांच्याच जहाजाने ते १३ ऑगस्ट रोजी नॉर्वेत उतरले. त्याच दिवशी ऑटो स्वेर्द्रुप यांच्या नेतृत्वाखालील ‘फ्राम’ स्पिट्सबर्गनच्या वायव्येस बर्फातून मुक्त झाले. तेराही जण जिवंत परतले.

मोहिमेच्या नोंदींतून समुद्रविज्ञानाला बरेच काही मिळाले. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता तिच्या उजवीकडे सरकतो, हे नान्सेन यांनी पाहिले. वाल्फ्रीड एकमान यांनी त्याची गणिती मीमांसा केली. थंड पृष्ठजलाखाली अटलांटिकमधून आलेल्या उबदार पाण्याचा थर असल्याचेही समजले. खोल पाण्याचे नमुने घेण्याची ‘नान्सेन बाटली’ पुढे अनेक दशके वापरात राहिली.

उत्तरायुष्य

१९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला, तेव्हा डेन्मार्कचे राजपुत्र कार्ल यांना नॉर्वेचे राजपद स्वीकारण्यास राजी करण्यात नान्सेन यांचा वाटा होता. १९०६ ते १९०८ ते लंडनमध्ये राजदूत होते. त्या काळातच १९०७ मध्ये एवा यांचे निधन झाले. १९०८ मध्ये ते समुद्रविज्ञानाचे प्राध्यापक झाले, पण पहिल्या महायुद्धानंतर प्रयोगशाळेत त्यांना फारसे परतता आले नाही. राष्ट्रसंघाच्या वतीने त्यांनी चार लाखांहून अधिक युद्धकैद्यांना मायदेशी पाठवले, रशियातील दुष्काळात मदतकार्य उभे केले आणि देश गमावलेल्यांसाठी ‘नान्सेन पासपोर्ट’ सुरू केला. पारितोषिकाची रक्कम त्यांनी मदतकार्यास दिली. १३ मे १९३० रोजी लिसाकेर येथील आपल्या घरी त्यांचे निधन झाले.

बर्फातील जीवसृष्टीच्या अभ्यासाचा पुढील काळ

समुद्राचे पाणी गोठताना मीठ बाहेर टाकले जाते आणि बर्फातील सूक्ष्म नलिकांत अतिखारट पाणी साचते. या नलिकांत शैवले व जीवाणू तग धरतात, हे नंतरच्या संशोधनातून उलगडले. शैवले कार्बन डायऑक्साइड शोषतात. त्यांनी स्रवलेल्या व मृत पेशींतून सुटलेल्या पदार्थांवर जीवाणू जगतात आणि त्यातील बराच कार्बन पुन्हा पाण्यात सोडतात. उरलेला भाग बर्फ वितळल्यावर खाली बुडतो. किती भाग बुडतो यावर, वातावरणातील कार्बन किती काळ समुद्रात अडकून राहतो, हे ठरते.

नान्सेन यांनी खोली मोजलेल्या आर्क्टिकच्या एका भागाला आज नान्सेन खोरे म्हणतात. २०१२ मध्ये बर्फाचा विस्तार विक्रमी घटला असताना ‘पोलारस्टर्न’ जहाजावरील शास्त्रज्ञांना या भागात, सुमारे ४,००० मीटर खोल तळावर, मेलोसिरा आर्क्टिका या बर्फाखाली वाढणाऱ्या डायाटमचे पुंजके पडलेले आढळले. समुद्रकाकड्या ते खात होत्या. ज्या ठिकाणी पुंजके पडले होते, तेथे जीवाणूंच्या क्रियेमुळे गाळातील प्राणवायू घटलेला होता.