विश्लेषण : कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांचे चित्रपट आज पाहायला का मिळत नाहीत?

मराठी चित्रपटाचा इतिहास सांगताना ‘कलामहर्षी’ बाबूराव पेंटर यांचे नाव दादासाहेब फाळके यांच्या पाठोपाठ घेतले जाते. मात्र त्यांचा गाजलेला मूकपट पाहायचा म्हटला, तर तो ना यूट्यूबवर सापडतो, ना ओटीटीवर. असे का झाले?

कोण होते बाबूराव?

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. घरात सुतारकाम आणि कोरीवकामाची परंपरा होती. नात्याने भाऊ असलेले बाबूराव आणि आनंदराव हे दोघे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. त्यातूनच ‘पेंटर’ हे आडनाव चिकटले. फाळकेंचे चित्रपट पाहून दोघांनाही सिनेमाचा ध्यास लागला, पण 1916 मध्ये आनंदराव गेले.

कॅमेरा कसा तयार झाला?

परदेशी कॅमेरा विकत घेण्याएवढा पैसा नव्हता. त्यामुळे बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने कोल्हापुरातच कॅमेरा घडवला. तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये लागला. पुरुषांनी स्त्रीभूमिका करण्याच्या त्या काळात यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई पडद्यावर आल्या. कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की ते कापावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. पुढे ‘सिंहगड’मध्ये (1923) त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रण केले.

‘सावकारी पाश’ वेगळा का?

मूकपटांचा पडदा तेव्हा देवादिकांनी आणि राजेरजवाड्यांनी भरलेला होता. 1925 च्या ‘सावकारी पाश’मध्ये बाबूरावांनी कर्जात जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी दाखवला. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. भारतीय वास्तववादी चित्रपटाची सुरुवात अनेक अभ्यासक इथूनच मानतात. 1936 मध्ये बाबूरावांनी हीच कथा बोलपटात पुन्हा आणली.

चित्रपट गेले कुठे?

त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेते आणि नीट साठवली नाही तर आपोआप कुजते. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजार उरला नाही. अनेक प्रिंट फिल्ममधली चांदी काढण्यासाठी विकल्या गेल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले ते 1964 मध्ये, म्हणजे बाबूरावांच्या निधनानंतर दहा वर्षांनी. देशात बनलेल्या सुमारे 1300 मूकपटांपैकी आज मोजकेच शिल्लक आहेत, तेही बरेचसे तुकड्यांत. बाबूरावांच्या ‘मुरलीवाला’चे (1927) काही भाग त्यांत आहेत.

मग मागे काय उरले?

1929 मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘प्रभात’ काढली. बाबूरावांना हा मोठा धक्का होता. पुढे त्यांची कंपनी बंद पडली. त्यांनी इतर संस्थांसाठी ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे बोलपट केले, पण पूर्वीचा दबदबा परत आला नाही. 16 जानेवारी 1954 रोजी त्यांचे कोल्हापुरात निधन झाले.

‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (1936) मात्र आजही पाहता येतो. तो दिग्दर्शित करणारे दामले-फत्तेलाल बाबूरावांच्याच हाताखाली तयार झाले होते. ‘कल्याण खजिना’साठी (1924) बाबूरावांनी केलेले पोस्टर देशातील सर्वांत जुन्या उपलब्ध चित्रपट पोस्टरांपैकी एक मानले जाते. कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळ त्यांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. जुन्या मराठी बोलपटांच्या प्रिंटही वेळीच जपल्या नाहीत, तर त्यांचीही अशी फक्त पोस्टर आणि स्मारकेच उरतील.