पतंगाचा रथ

इंग्लंडच्या नैऋत्य भागात ब्रिस्टल नावाचे एक जुने बंदर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या शहरात जॉर्ज पोकॉक नावाचे एक शिक्षक राहत असत. मुलांसाठी त्यांनी स्वतःची शाळा काढली होती. शाळेत मुलांना शिकवावे आणि लोकांपुढे धर्मप्रवचने करावीत, असा त्यांचा क्रम असे. वरवर पाहता त्यांचे आयुष्य चारचौघांसारखेच होते. परंतु लहानपणी लागलेला एक नाद मात्र या गुरुजींनी प्रौढपणीही सोडला नाही. तो नाद पतंगाचा होता.

पोकॉक यांचा जन्म 1774 साली हंगरफर्ड या लहानशा गावी झाला. इतर मुलांप्रमाणे तेही पतंग उडवीत. एकदा त्यांनी दोऱ्याचे टोक हातात न धरता एका दगडाला बांधले. वाऱ्याचा झोत येताच पतंगाने तो दगड जमिनीवरून फरफटत नेला. ही गंमत पाहून दुसरा कोणी मुलगा हसला असता आणि खेळ विसरून गेला असता. पोकॉक यांनी दगडाच्या जागी फळी बांधली. फळीही सरकू लागली. मग त्या फळीवर त्यांनी आपल्या सवंगड्यांना बसविले आणि तीही ओढली जाते असे पाहिले. दगड, फळी आणि माणूस अशा या तीन पायऱ्या होत्या. पुढे आयुष्यभर त्यांनी जे प्रयोग केले, ते याच रीतीने, एकेक पायरी चढत केले.

पतंगाच्या ओढीचा अनुभव घेणारे ते काही पहिलेच नव्हते. अमेरिकेतील प्रसिद्ध शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी लहानपणी तळ्याच्या पाण्यावर उताणे पडून, पतंगाची काठी हाती धरून, हात न मारता तळे पार केले होते. पण फ्रँकलिन यांचे मन पुढे विजेकडे वळले. पतंगाच्या ओढीला कामाला जुंपण्याचा ध्यास घेतला तो पोकॉक यांनी.

ही ओढ कोठून येते, हे येथे थोडे समजून घेतले पाहिजे. पतंग वाऱ्यासमोर तिरपा उभा राहतो. वारा त्यावर आदळून खालच्या बाजूस वळतो आणि त्याच्या उलट पतंग वर व मागे रेटला जातो. पतंगाला दोऱ्याने अडवून धरले, की तो रेटा दोऱ्यात उतरतो. पतंगाचे क्षेत्रफळ दुप्पट केले तर ओढ सुमारे दुप्पट होते. परंतु वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर ओढ दुप्पट न होता चौपट होते. म्हणून मंद वाऱ्यात खेळणे वाटणारी मोठी वावडी वारा वाढताच माणसाला फरफटवू शकते. ज्याला या खेळाचा आरंभ करावयाचा आहे, त्याने लहान पतंग, मंद वारा आणि मोकळे माळरान यांचीच निवड करावी लागते. विजेच्या तारा, रस्ता आणि माणसांची वर्दळ यांपासून तर तो दूरच हवा. कोल्हापूरजवळच्या उचगावातील मुलांना आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी लागते. उजळाईवाडीचा विमानतळ त्यांच्या शेजारीच आहे. जेथे विमाने उतरतात, त्या आकाशात पतंगाला जागा नाही. आणखी एक नियम असा, की दोऱ्याचे टोक हाताला किंवा कमरेला कधीही बांधावयाचे नसते. पोकॉक यांनी ते दगडाला बांधले होते, हे विसरू नये.

ब्रिस्टलला आल्यावर पोकॉक यांचे प्रयोग मोठे होऊ लागले. एका पतंगाने जे ओझे हलत नाही, ते एकाच दोरावर एकाखाली एक पतंग लावले असता हलते, हे त्यांना 1820 च्या सुमारास कळून आले होते. मग त्यांच्या मनात आले, की जो पतंग जमिनीवरून माणसाला ओढू शकतो, तो त्याला उचलूही शकेल. 1824 च्या सुमारास त्यांनी 30 फूट उंचीचा एक प्रचंड पतंग तयार केला आणि त्याच्या दोराला एक खुर्ची अडकविली. त्या खुर्चीत त्यांनी कोणाला बसविले? आपल्या मुलीला. तिचे नाव मार्था. ती तेव्हा बारा वर्षांच्या आसपास, म्हणजे तुमच्याच वयाची होती.

खुर्ची जमिनीवरून सुटली. पाहता पाहता मार्था 270 फुटांहूनही उंच गेली. खाली उभ्या असलेल्या बापाच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करवत नाही. दोर तुटला असता, वारा एकाएकी पडला असता किंवा पतंगाने गोता खाल्ला असता, तर त्या मुलीला वाचविण्याचा कोणताही उपाय कोणापाशी नव्हता. सुदैवाने तसे काही झाले नाही. मार्था सुखरूप खाली उतरली. पतंगाची गती मोठी हळुवार होती आणि वरून दिसणारा देखावा फार रम्य होता, असे तिने वडिलांना सांगितले. पुढे पोकॉक यांच्या एका मुलालाही असेच ब्रिस्टलबाहेरील 200 फूट उंचीच्या एका कड्यावर नेण्यात आले. तो वर खुर्चीतून उतरला, कड्यावर उभा राहिला आणि पुन्हा खुर्चीत बसून दोरावरून घसरत खाली आला. मुलांचे धैर्य मोठे खरे, पण असे धाडस आज कोणी करू नये आणि कोणी आपल्या मुलांकडून करवूही नये. पोकॉक यांचे मोठेपण या उड्डाणांत नाही. ते त्यांनी पुढे बांधलेल्या गाडीत आहे.

त्या काळी आगगाड्यांचे युग उजाडले नव्हते. जलद प्रवास करावयाचा तर टपालगाडी हेच साधन होते. तिला चार घोडे जोडलेले असत, ते वाटेत पुन्हा पुन्हा बदलावे लागत, आणि एवढे करून ती तासाला सुमारे 10 मैल जाई. घोड्यांना दाणावैरण लागे, ते थकत आणि मरतही. वारा मात्र दाणा मागत नाही आणि थकतही नाही. त्याला गाडीस जुंपता आले, तर केवढे काम होईल, असे पोकॉक यांना वाटले. परंतु घोड्याला लगाम असतो. वाऱ्याला लगाम कोठून आणावयाचा? साधा पतंग एकाच दोरीवर उडतो. त्याला उजवीकडे वळविता येत नाही. मुख्य म्हणजे, त्याची ओढ कमी करता येत नाही. पतंग ओढतो आहे आणि समोर खड्डा आला आहे, अशा वेळी गाडीवानाने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी चार दोऱ्यांत शोधले. एक मुख्य दोर पतंगाचा वरचा भाग धरून ठेवी. दुसरा दोर खालच्या भागाला बांधलेला असे. तो सैल सोडला, की पतंग वाऱ्याला तोंड देण्याचे सोडून आडवा होई आणि त्याची ओढ ओसरे. तोच दोर आवळला, की पतंग पुन्हा छाती काढून उभा राही. उरलेले दोन दोर डाव्या व उजव्या बाजूंना असत आणि त्यांनी पतंग इकडे-तिकडे झुकविता येई. मुख्य पतंगाच्या वर, त्याच दोरावर आणखी एक पतंग असे. हा वाटाड्या पतंग उंचावरच्या स्थिर वाऱ्यात राही आणि खालच्या पतंगाला घरे व झाडे यांच्यावरून उचलून धरी. दोराची लांबी 1,500 ते 1,800 फूट, म्हणजे जवळजवळ अर्धा किलोमीटर असे.

गाडी मात्र हलकी होती. पुढच्या चाकांना वळविण्यासाठी एक दांडा होता. थांबण्यासाठी एक लोखंडी दांडी रस्त्यात रोवली जाई. फ्रेंच भाषेत ‘शार’ म्हणजे रथ आणि ‘व्होलां’ म्हणजे उडणारा. या शब्दांवरून पोकॉक यांनी आपल्या गाडीला ‘शारव्होलां’ असे नाव दिले. 1826 साली कर्नल जेम्स व्हाइनी यांच्यासह त्यांनी तिचे पेटंट घेतले आणि पुढच्याच वर्षी या विद्येवर एक पुस्तकही प्रसिद्ध केले.

मग शारव्होलां खऱ्याखुऱ्या रस्त्यावर धावू लागली. ब्रिस्टलहून मार्लबरोपर्यंतचा रस्ता त्यांनी या गाड्यांतून काटला. उचगावाहून महामार्गाने कऱ्हाड गाठावे, सुमारे तेवढे हे अंतर आहे. अनुकूल वारा असला, की गाडी तासाला 20 मैल, म्हणजे सुमारे 32 किलोमीटर वेगाने जाई. एकदा तर तिने टपालगाडीला मागे टाकले. घोडे नसलेली, कोणी न ढकललेली आणि आकाशातून ओढली जाणारी ती गाडी पाहून वाटेवरचे लोक थक्क होत असतील, यात शंका नाही. एका प्रवासात ग्लॉस्टरच्या ड्यूकची गाडी पुढे चालली होती. शारव्होलां सहज तिच्यापुढे निघून गेली. परंतु राजघराण्यातील पुरुषाला मागे टाकणे हा त्या काळी मोठा उद्धटपणा समजला जाई. तेव्हा पोकॉक मंडळींनी पुढे जाऊन आपली गाडी थांबविली आणि ड्यूकना पुढे जाऊ दिले. वाऱ्यावर धावणारी गाडी हवी तेथे थांबविता येते, हेही त्यामुळे सर्वांना दिसले.

पथकराच्या नाक्यांवर तर मोठी मौज होई. नाक्यावरील कर गाडीला किती घोडे जोडले आहेत, त्यावरून आकारला जात असे. या गाडीला एकही घोडा नव्हता, आणि पतंगावर कर घ्यावा असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नव्हते. नाकेदारांना ती तशीच सोडून द्यावी लागे. 1828 साली ॲस्कट येथील शर्यतींच्या प्रसंगी राजे चौथे जॉर्ज यांच्यासमोरही शारव्होलांचे प्रदर्शन झाले.

इतके कौतुक झाले, तरी पतंगाची गाडी कोणी घेतली नाही. पोकॉक यांची बुद्धी कमी पडली असे नाही. वारा आपल्या इच्छेने येतो आणि आपल्या इच्छेने जातो. तो समोरून आला, तर गाडी त्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. रस्ता मात्र आपल्या सोयीने वळतो, वाऱ्याच्या सोयीने नव्हे. त्यातच 1830 साली लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्यामध्ये आगगाडी सुरू झाली आणि 1841 साली लोखंडी रूळ लंडनहून ब्रिस्टलला येऊन पोचले. वाफेचे इंजिन वाऱ्याची वाट पाहत नव्हते.

पोकॉक यांनी इतरही खटपटी केल्या. हवा भरून फुगविता येईल आणि काम झाल्यावर घडी करून ठेवता येईल, असा पृथ्वीचा मोठा कागदी गोल त्यांनी शाळांसाठी तयार केला. ही कल्पना खरोखरच शिक्षकाला शोभणारी होती. मुलांना आपोआप छड्या मारणारे एक यंत्रही त्यांनी केले होते, असे सांगतात. ते विस्मृतीत गेले, याबद्दल कोणा विद्यार्थ्याला वाईट वाटू नये. 1843 साली पोकॉक यांचे निधन झाले.

खुर्चीत बसून आकाशात गेलेली मार्था पुढे एका डॉक्टरची पत्नी झाली. तिला क्रिकेटची विलक्षण आवड होती. घरामागच्या बागेत मुले खेळत, तेव्हा तिचे त्यांच्याकडे बारीक लक्ष असे. तिचा भाऊ आल्फ्रेड याने या भाच्यांना खेळाचे धडे दिले. त्या मुलांपैकी 1848 साली जन्मलेला विल्यम गिल्बर्ट म्हणजेच जगप्रसिद्ध क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस. 1880 साली मार्थाचे तीन मुलगे इंग्लंडच्या एकाच संघातून कसोटी सामना खेळले. आपले रणजी 1896 साली पहिला कसोटी सामना खेळले, तेव्हा त्यांचे कर्णधार हेच ग्रेस होते.

पतंगाच्या ओढीचा विषय मात्र पोकॉक यांच्याबरोबर संपला नाही. 1903 साली सॅम्युएल कोडी या धाडसी गृहस्थाने एका लहान होडीला पतंग जोडून कॅलेपासून डोव्हरपर्यंत इंग्लिश खाडी ओलांडली. 1990 च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये तीन चाकांची हलकी पतंगगाडी तयार झाली आणि समुद्रकिनाऱ्यावरील कठीण वाळूत ती जगभर धावू लागली. 2008 साली ‘बेलुगा स्कायसेल्स’ नावाचे मालवाहू जहाज 160 चौरस मीटरचा पतंग घेऊन अटलांटिक महासागरात गेले. इंजिनाचा भार हलका करून इंधन वाचवावे, हा त्यामागील हेतू होता. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पतंगाने ओढल्या जाणाऱ्या फळ्यांच्या शर्यती झाल्या.

आज या खेळात नवशिक्याच्या हाती बहुधा जो पतंग देतात, त्यालाही चारच दोऱ्या असतात. दोन ओढीच्या आणि दोन लगामाच्या. शिकणारा प्रथम गाडीत बसत नाही. तो वाऱ्याकडे पाठ करून जमिनीवर उभा राहतो आणि पतंग डोक्यावर स्थिर धरावयास शिकतो. थांबविण्याची युक्ती त्याला आधीच दाखविलेली असते. हातातील मुठी सोडून दिल्या, तरी मनगटाच्या पट्ट्यांना जोडलेल्या लगामाच्या दोऱ्या तेवढ्या ताणल्या जातात, ओढीच्या दोऱ्या सैल पडतात आणि एवढा मोठा पतंग लुळा होऊन जमिनीवर उतरतो.