मनाशी सख्य : श्री समर्थ रामदास स्वामी

श्री समर्थ रामदास स्वामींचा जन्म शके १५३० (इ. स. १६०८) मध्ये रामनवमीस जालना जिल्ह्यातील जांब या गावी झाला. मूळ नाव नारायण सूर्याजीपंत ठोसर. बाराव्या वर्षी लग्नमंडपातूनच अंतःकरणाची हाक ऐकून ते निघून गेले, अशी परंपरा सांगते. त्या निश्चयाचे मोल मातोश्री राणूबाईंना पुत्रवियोगाने मोजावे लागले. समर्थांनी नाशिकनजीक टाकळी येथे १२ वर्षे तपश्चर्या व पुढे १२ वर्षे तीर्थाटन केले. त्यानंतरच मायलेकरांची भेट झाली.

एकांतात सोबतीस मनच असते. ते चंचल, हट्टी. तरीही समर्थांनी त्यास शत्रू मानले नाही. ‘मनाचे श्लोक’ या २०५ श्लोकांत ते मनाला प्रथम सज्जन म्हणून गौरवितात, मग हिताच्या चार गोष्टी सांगतात. मनाची प्रत्येक ओढ मान्य करू नये, परंतु त्याचा धिक्कारही करू नये, हीच त्यांची शिकवण.

शके १६०३ (इ. स. १६८२) मध्ये माघ वद्य नवमीस सज्जनगडावर ते समाधिस्थ झाले. पट्टशिष्य कल्याण स्वामींची समाधी आपल्याच जिल्ह्यात, परंडा तालुक्यातील डोमगाव येथे आहे. लोहारा येथे येणाऱ्या भाविकांनी तेथेही जावे आणि घटकाभर शांत बसून स्वतःच्या मनाची प्रेमाने विचारपूस करावी.