सर फिरोजशहा मेहता आणि मुंबईचा जमाखर्च

मुंबई शहरांत १८७१ सालीं जो क्षोभ उसळला, त्याचें मूळ राजकारणांत नसून वहीखात्यांत होतें, म्हणून आमच्या व्यापारी वाचकांस तो चटकन् उमजेल. १८६५ च्या कायद्यानें शहराचा सर्व कारभार एका म्युनिसिपल कमिशनराच्या हातीं गेला होता, व त्यावर नजर ठेवण्याचें काम सरकारनें नेमलेल्या जस्टिस मंडळींच्या सभेकडे होतें. कमिशनर आर्थर क्रॉफर्ड हा धडाडीचा पुरुष. त्यानें रस्ते केले, गटारें सुधारलीं, घाण काढविली, आणि पुढें ज्यास त्याचें नांव मिळालें तो विस्तीर्ण बाजार उठविला. परंतु अमेरिकेंतील युद्ध संपून कापसाचा भाव कोसळला होता व त्याबरोबर मुंबईच्या शेअरांचा फुगा फुटला होता. पेढ्या बसल्या, तरी शहराचा खर्च चढतच राहिला, कर्ज झालें आणि कर वाढले. करदात्यांच्या संतापास नवरोजी फर्दुनजींसारख्या निःस्पृह पुढाऱ्यांनीं वाचा फोडली. क्रॉफर्ड यास अधिकार सोडावा लागला.

अशा वेळीं लोकांच्या रोषाविरुद्ध एक सव्वीस वर्षांचा पारशी बारिस्टर उभा राहिला. फिरोजशहा मेहता यांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजीं मुंबईंतच एका व्यापारी कुटुंबांत झाला. एल्फिन्स्टन कॉलेजांतून १८६४ सालीं एम्. ए. होऊन ते विलायतेस गेले व १८६८ त बारिस्टर होऊन परतले. नोव्हेंबर १८७१ मध्यें फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें त्यांनीं जो निबंध वाचला तो श्रोत्यांस रुचण्यासारखा नव्हता. उधळपट्टीचा दोष एकट्या क्रॉफर्डचा नव्हे, असें त्यांचें प्रतिपादन होतें. देखरेखीचा अधिकार कायद्यानें जस्टिसांस दिला होता; त्यांनीं तो वापरला नाहीं, आणि आतां तेच ओरडत होते. कारण ते कोणाचेच प्रतिनिधि नव्हते. करदात्यास जाब देण्याचें बंधन त्यांच्यावर नव्हतें. तेव्हां सभासद करदात्यांनीं निवडावे, अंमलबजावणी मात्र एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडे ठेवावी, व हिशेबावर निराळा तपासनीस असावा, हा मेहतांचा उपाय. चळवळ्यांपैकीं पुष्कळांस अंमलबजावणीही सभासदांच्या मंडळाकडे हवी होती. परंतु दहा मुनीम एकाच कीर्दींत लिहूं लागले म्हणजे चूक कोणाची, हें कोणत्या शेटजीस ठरवितां येतें?

क्रॉफर्डविषयीं मेहतांस वाटणारा आदर आम्हांस मात्र थोडा अधिकच वाटतो. हाच गृहस्थ १८८८ सालीं मध्य विभागाचा कमिशनर असतां मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपांत सांपडला; चौकशींत लांच शाबीत मानली गेली नाहीं, तरी त्याची नोकरी गेली. पण ह्यानें मेहतांच्या मुद्द्यास बाध येत नाहीं, बळकटीच येते: माणूस कर्ता असो वा लोभी, त्याच्या वह्या दुसऱ्यानें पाहिल्याच पाहिजेत.

१८७२ च्या कायद्यानें चौसष्ट सभासदांपैकीं निम्मे करदात्यांनीं निवडून द्यावयाचे ठरले. पुढें १८८८ च्या कायद्याचा मूळ मसुदा कॉर्पोरेशनचें वजन कमी करणारा होता. कायदेकौन्सिलांत न्यायनिपुण काशिनाथ त्र्यंबक तेलंग व मेहता ह्या दोघांनीं झगडून त्याचें रूप पालटविलें. कॉर्पोरेशन वरिष्ठ, कमिशनर अंमलदार आणि मध्यें स्थायी समिति, ही रचना त्यांतून आली. अंदाजपत्रकांत मंजूर नसलेला पैसा खर्चावयाचा नाहीं, ठराविक रकमेपलीकडील मक्ता समितीच्या संमतीवांचून द्यावयाचा नाहीं, आणि हिशेबाची तपासणी वर्षाअखेर नव्हे तर आठवड्याच्या आठवड्यास व्हावयाची. सावध पेढीवाला ह्याहून निराळें काय करतो?

ह्या रचनेची किंमत ती नसतां कळते. मार्च २०२२ मध्यें मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढें तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाहीं. आयुक्त तोच प्रशासक, अंदाजपत्रक मांडणारा तोच व मंजूर करणाराही तोच. २०२५–२६ चें अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचें होतें. इतक्या रकमेवर प्रश्न विचारण्यास निवडून आलेला एकही सभासद सभागृहांत नव्हता.

मेहता आरंभींच्या वर्षांपासून मरेपर्यंत कॉर्पोरेशनांत राहिले व अनेकदां अध्यक्ष झाले. शहराच्या पोलिसांचा खर्च कॉर्पोरेशनवर लादला जाई, पण त्या पोलिसांवर तिचा ताबा कांहीं नव्हता. जेथें ताबा नाहीं तेथें पैसाही नाहीं, ह्या न्यायानें हा वाद वर्षानुवर्षें चालला. १९०७ च्या कायद्यानें तो मिटला: पोलीसखर्च सरकारनें उचलला आणि प्राथमिक शिक्षण व दवाखान्यांचा भार कॉर्पोरेशनकडे आला. त्याच वर्षीं कांहीं गोऱ्या अधिकाऱ्यांनीं कट करून मेहतांस पाडलें. जस्टिसांनीं निवडावयाच्या सोळा जागांत त्यांचा क्रमांक सतरावा लागला. मग एकाची निवड रद्द ठरून ती जागा त्यांस मिळाली. कटवाल्यांचा आक्षेप असा कीं, सभागृह मेहतांच्या मुठींत आहे. तो अगदींच निराधार नव्हता. मेहतांस विरोध सोसत नसे, आणि त्यांच्यापुढें बोलण्याचें धैर्य थोड्यांनाच होई. तथापि जे स्वतः लोकांनीं निवडलेले नव्हते, त्यांनीं लोकसत्तेची काळजी वाहावी हें नवलच.

दुसरें न्यून मोठें आहे. हा सारा हिशेब ज्यांस मागतां येई ते करदाते थोडे. चाळींतील भाडेकरी घरमालकामार्फत पट्टी भरी, पण मत त्यास नसे. गिरणीच्या मजुराची गोष्ट तर बोलावयासच नको. मेहता ५ नोव्हेंबर १९१५ रोजीं वारले, आणि १९२३ सालीं कॉर्पोरेशनच्या इमारतीसमोर त्यांचा पुतळा उभा राहिला. प्रौढ मताधिकारानें त्या सभागृहाची पहिली निवडणूक १९४८ सालीं झाली.