विश्लेषण : दुधाला वनस्पतींमध्ये पर्याय आहे? गांधीजींनी आयुष्यभर शोधलेल्या उत्तराची गोष्ट…

शाकाहार की मांसाहार, हा वाद आपल्याकडे बहुतेक वेळा धर्म, जात किंवा आवडीनिवडीपाशी येऊन थांबतो. महात्मा गांधींनी तो स्वतःच्या शरीरावर तपासून पाहिला. वनस्पतीजन्य अन्न माणसाला पुरेसे आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यासाठी त्यांनी दूधही सोडले. मात्र हाती आलेले उत्तर त्यांच्या श्रद्धेच्या विरोधात गेले आणि ते त्यांनी उघडपणे लिहून ठेवले. काय होता हा प्रयोग? आजचे पोषणशास्त्र त्याविषयी काय सांगते?

लहानपणी मांस का खाल्ले?

पोरबंदरच्या वैष्णव घराण्यात १८६९ मध्ये जन्मलेल्या मोहनदासांच्या घरी मांस वर्ज्य होते. राजकोटला शाळेत असताना एका मित्राने त्यांना पटवले, की इंग्रज मांस खातात म्हणून बलवान आहेत आणि आपण खात नाही म्हणून त्यांचे गुलाम. घरच्यांपासून लपून, नदीकाठी त्यांनी पहिल्यांदा बोकडाचे मटण खाल्ले. त्या रात्री पोटात जिवंत बकरी ओरडते आहे, असे भास होऊन त्यांना झोप लागली नाही. वर्षभरात असे पाच-सहा वेळा घडले. पुढे त्यांनी मांस सोडले, ते मांस वाईट म्हणून नव्हे. आईवडिलांशी खोटे बोलणे सहन होईना म्हणून. आहाराच्या प्रश्नाकडे ते असे दोन बाजूंनी पाहू लागले : ताकद आणि नीती. हे दोन धागे त्यांच्या आयुष्यात शेवटपर्यंत राहिले.

लंडनमध्ये काय बदलले?

बॅरिस्टर होण्यासाठी १८८८ मध्ये विलायतेला निघताना मांसाला स्पर्श करणार नाही, असे वचन त्यांनी आईला दिले होते. सुरुवातीला लंडनमध्ये त्यांची अक्षरशः उपासमार झाली. मग फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी खाणावळ सापडली आणि तिथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक मिळाले. आतापर्यंत वचन म्हणून पाळलेला शाकाहार त्यांनी आता विचारपूर्वक स्वीकारला. ते लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवरही गेले.

अंडे मांसात मोडते का, हा प्रश्न त्यांना तिथेच पडला. काही इंग्रज शाकाहारी अंडी खात, काही अंड्यांबरोबर दूधही वर्ज्य मानत. गांधीजींनी काही दिवस अंडी खाल्लीही. पण ज्या आईला वचन दिले तिच्या दृष्टीने अंडे मांसातच मोडते, हे ध्यानात येताच ती सोडली.

दूध सोडण्याचे कारण काय?

दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर १९१२ मध्ये गांधीजी आणि त्यांचे सहकारी हर्मन कॅलनबाख यांनी दूध सोडले. दूध हाही प्राणिजन्य पदार्थच आहे, तो ब्रह्मचर्याला बाधक आहे, असे त्यांना वाटत होते. त्यातच गायी-म्हशींना पान्हा सोडायला लावण्यासाठी होणाऱ्या छळाचे वर्णन करणारे साहित्य कोलकात्याहून त्यांच्या हाती पडले. काही काळ ते केवळ फळे आणि सुकामेव्यावर राहिले. शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल असा तो आहार होता.

याच १९१२ साली युरोपात कॅसिमिर फंक या शास्त्रज्ञाने ‘व्हिटॅमिन’ हा शब्द वापरात आणला. अन्नात प्रथिने, पिष्ट आणि स्निग्ध पदार्थांखेरीज आणखी काही अत्यल्प प्रमाणात लागते, हे तेव्हा कुठे उलगडू लागले होते. म्हणजे दूध सोडताना नेमके काय सुटते आहे, हे सांगू शकेल असे शास्त्र तेव्हा जगात कुठेच नव्हते.

१९१४ मध्ये लंडनमध्ये गांधीजींना फुप्फुसाच्या आवरणाचा दाह झाला. उपचार करणारे डॉ. जीवराज मेहता यांनी दुधाचा आग्रह धरला, गोपाळ कृष्ण गोखले यांनीही समजावले. गोखल्यांना ते राजकीय गुरू मानत. तरीही त्यांनी ऐकले नाही.

१९१८ मध्ये काय घडले?

खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना ते मुख्यत्वे शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबावर राहत होते. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, पण जवळजवळ निम्मा भाग तेलाचा. हे लोणी जास्त झाले तर बाधते, हे त्यांना ठाऊक होते. तरी प्रमाण राहिले नाही आणि आमांशाने गाठले. एका सणाच्या दिवशी कस्तुरबांनी तुपाऐवजी तेल घालून केलेली गव्हाची गोड लापशी आणि मूग त्यांनी खाल्ले आणि दुखणे बळावले. नडियादला ते कोसळले. औषध त्यांनी नाकारले. मृत्यू जवळ आला आहे, असे त्यांना वाटू लागले.

हवापालटासाठी त्यांना माथेरानला नेले, पण तिथले पाणी मानवले नाही. अखेर मुंबईत डॉ. दलाल यांनी स्पष्ट सांगितले, की दुधाशिवाय हे शरीर पुन्हा उभे राहणार नाही. गांधीजींनी व्रताची अडचण सांगितली. खाटेजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबांनी विचारले, की व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती ना, मग शेळीच्या दुधाला काय हरकत? डॉक्टरांनी ते उचलून धरले. गांधीजींना जगायचे होते. रौलट विधेयकांविरुद्धचा लढा समोर दिसत होता. ते शेळीचे दूध प्यायले आणि सावरले. व्रताचा शब्द पाळला पण आत्मा मारला, ही बोच मात्र त्यांच्या मनातून गेली नाही. ती त्यांनी आत्मकथेत मांडली आणि दुधाला वनस्पतींतला पर्याय सांगण्याचे आवाहन जाणकारांना केले.

पर्यायाचा शोध कुठवर गेला?

१९२९ मध्ये साबरमती आश्रमात त्यांनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला. मोड आलेले गहू, बदामाची चटणीसारखी वाटलेली लगदी आणि वाटलेला हिरवा पाला, प्रत्येकी ८ तोळे. जोडीला ६ लिंबे आणि थोडा मध. ही मापे त्यांनी ‘यंग इंडिया’त छापली. काही आठवड्यांतच पोट बिघडले, अशक्तपणा आला. प्रयोग थांबवून ते पुन्हा शेळीच्या दुधाकडे वळले आणि हेही वाचकांना कळवले.

१९३४ च्या अखेरीस ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याची मगनवाडी आहाराच्या प्रयोगांचे केंद्र बनली. हातसडीचा तांदूळ, गूळ, पालेभाज्या आणि सोयाबीन यांची तिथे चाचणी झाली. प्रश्न आता केवळ त्यांच्या व्रताचा उरला नव्हता. खेड्यातल्या ज्या गरिबाला दूध परवडत नाही, त्याने काय खावे, हा होता.

शेवटचा निष्कर्ष काय?

ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध केले गेले. तिथे त्यांनी आरोग्यावरचे छोटे पुस्तक लिहिले. बौद्धिक काम करणाऱ्या माणसाच्या रोजच्या आहारात त्यांनी २ पौंड, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम गायीचे दूध ठेवले. दूध किंवा मांस यांपैकी काहीच नसेल तर माणसाचा आहार अपुरा राहतो, हे त्यांनी मान्य केले. ज्या अंड्यातून पिल्लू निघू शकत नाही ते मांस नव्हे, दूध चालत असेल त्याला असे अंडेही चालावे, असेही लिहिले. लंडनच्या दिवसांत आईच्या वचनाखातर अंडे सोडणाऱ्या माणसासाठी हा मोठा बदल होता.

शाकाहारावरची निष्ठा मात्र ढळली नाही. १९३१ मध्ये लंडनच्या शाकाहारी मंडळात त्यांनी सांगितले होते, की शाकाहाराचा पाया नैतिक असावा. निव्वळ तब्येतीसाठी तो पत्करणारे पहिल्याच आजारपणात तो सोडतात.

आजचे विज्ञान काय सांगते?

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्याच वर्षी अमेरिका आणि ब्रिटनमधील संशोधकांनी बी-१२ हे जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते फक्त सूक्ष्मजीव तयार करतात. दूध, अंडी, मासे आणि मांसातून ते आपल्याला मिळते. धान्ये, कडधान्ये, भाज्या आणि फळांत ते जवळपास नसतेच. प्रौढाची गरज दिवसाला २ ते २.५ मायक्रोग्रॅम इतकी सूक्ष्म आहे. पण ती भागली नाही तर रक्तक्षय होतो, मज्जातंतूंना इजा होते. अर्धा लिटर गायीच्या दुधातून ही गरज साधारण भागते. शेळीच्या दुधात बी-१२ त्याहून बरेच कमी असते.

१९१८ चे दुखणे आमांशाचे होते. ते बी-१२ च्या अभावाने झाले असे म्हणायला आधार नाही. पण दुधाच्या जागी ठेवता येईल अशी एकच वनस्पती त्यांना का सापडली नाही, याचे मोठे उत्तर इथे आहे.

प्रथिनांचे काय?

तिथे गांधीजींची आशा बरीच खरी ठरली. कोरड्या सोयाबीनमध्ये १०० ग्रॅममागे ३५ ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. दुधात साधारण ३. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, तर डाळींत मेथिओनिन. म्हणून वरण-भात किंवा पिठले-भाकरी एकत्र खाल्ली, की एकाची उणीव दुसरे भरून काढते. नाचणीत कॅल्शियम दुधाच्या सुमारे तिप्पट असते. पालेभाज्यांतील लोह मांसातील लोहापेक्षा कमी शोषले जाते, पण सोबत लिंबू पिळल्यास शोषण वाढते.

म्हणजे वनस्पतीजन्य अन्नातून बहुतेक गरजा भागवता येतात, बी-१२ वगळता. ते आता कारखान्यात सूक्ष्मजीवांकडूनच तयार होते आणि गोळीतून किंवा ते मिसळलेल्या पदार्थांतून मिळते. दूधही न घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घ्यायलाच हवे. प्राण्याला न दुखावता जगण्याचा जो मार्ग गांधीजींना हवा होता तो आज आहे. मात्र तो निव्वळ श्रद्धेवर चालता येत नाही, हे त्यांनी सोसून दाखवून दिले.