कादंबरीला झालेली अटक

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. जर्मनीतून परागंदा झालेली हॅर्टा मराठी वाचकाने तेव्हापासून मनात जपली आहे. ज्यांना बोट मिळाली नाही अशा युरोपातील ज्यूंची गत काय झाली, हे रणभूमीवर जाऊन ज्यांनी प्रथम लिहिले, त्यांत वासिली ग्रॉसमन या रशियन कादंबरीकाराचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. माडखोलकरांच्या या नागपुरास संपादकाने कादंबरी लिहिणे नवे नाही. परंतु वार्ताहराच्या वहीतून कादंबरी उपजावी आणि सरकारने तिलाच कैद करावे, हा प्रकार निराळा.

ग्रॉसमनचा जन्म १९०५ चा, युक्रेनमधील बेर्दिचेव्हचा. शिक्षण रसायनशास्त्राचे. १९४१ च्या जूनमध्ये हिटलरने रशियावर स्वारी केली, तेव्हा स्थूल देहाचा व अधू दृष्टीचा हा लेखक आपणहून आघाडीवर जावयास निघाला. ‘क्रास्नाया झ्वेज्दा’ या लष्करी दैनिकाचा वार्ताहर म्हणून त्याने तेथे हजारावर दिवस काढले. स्टॅलिनग्राडच्या पडक्या घरांतून तो सैनिकांशी बोलत बसे. त्यांच्यासमोर वही काढीत नसे, टिपणे मागाहून करी. सैनिकांना त्याचे लेखन आपले वाटे, याचे इंगित आमच्या मते येथेच आहे.

आई मात्र बेर्दिचेव्हलाच अडकली होती. तिला वेळीच मॉस्कोस आणले नाही, ही टोचणी त्यास जन्मभर लागून राहिली. १९४१ च्या सप्टेंबरात जर्मनांनी तेथील हजारो ज्यूंस गोळ्या घातल्या, त्यांत तीही गेली. १९४४ मध्ये गाव मुक्त झाल्यावर तो तेथे पोचला, तेव्हा उरलीसुरली आशाही मावळली. त्याच वर्षी पोलंडमधील त्रेब्लिंकाच्या संहारछावणीवर त्याने लिहिलेला लेख पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात उपयोगात आणला गेला.

शत्रूचे क्रौर्य सांगितले तोवर या लेखणीस मान होता. ज्यूंच्या संहाराची साक्ष एरेनबुर्गसह त्याने ग्रंथरूपाने सिद्ध केली, तेव्हा १९४८ मध्ये तिची छपाई सरकारनेच थांबविली. पुढे ‘जीवन आणि नियती’ या कादंबरीत त्याने हिटलरच्या व स्टालिनच्या राजवटी एकमेकींसमोर आरशासारख्या उभ्या केल्या. मृत्यूच्या दारातून आईने मुलास लिहिलेले पत्र तीत आहे. वास्तवात ते त्यास कधीच मिळाले नव्हते. १९६१ च्या फेब्रुवारीत गुप्त पोलीस घरी आले. लेखकास त्यांनी हात लावला नाही. टंकलिखित प्रती, कार्बनचे कागद, यंत्राच्या फिती, सारे नेले. त्याने ख्रुश्चेव्हकडे दाद मागितली. दोन-अडीच शतके तरी हे पुस्तक छापता येणार नाही, असे त्यास पक्षनेते सुस्लोव्ह यांनी बजावले. एखाद्या ग्रंथाच्या आयुष्याविषयी सत्ताधाऱ्यांनी एवढी खात्री बाळगावी, हा त्याचा एक परीने गौरवच नव्हे काय?

१९६४ मध्ये कर्करोगाने ग्रॉसमन वारला. एका मित्रापाशी लपविलेली प्रत चित्रफितीवर उतरून देशाबाहेर गेली आणि १९८० मध्ये लोझान येथे कादंबरी प्रसिद्ध झाली. रशियात ती १९८८ मध्ये छापली गेली. पोलिसांनी नेलेले कागद सरकारी दप्तरखान्याच्या स्वाधीन झाले ते २०१३ मध्ये.